चेंबरच्या तळाची जाळी : कात्रजच्या नळापासून इंडिकाच्या इंजिनापर्यंत

१/
अठराव्या शतकाच्या मध्यात नानासाहेब पेशव्यांनी कात्रजचे पाणी पुण्यात आणले. डोंगराच्या पायथ्याशी एकामागे एक दोन तलाव, तेथून शहराकडे येणारा भुयारी नळ, वाटेत ठिकठिकाणी उच्छ्वास आणि अखेरीस पेठांतील हौद, अशी ती रचना. तिचे कौतुक इतिहासप्रेमींना ठाऊक आहे. पाणी आणण्याइतकाच गाळ अडवण्याचा विचारही तिच्यात होता, याकडे मात्र सहसा लक्ष जात नाही.

२/
वरच्या तलावात पाणी थांबे, गाळ खाली बसे, निवळलेले पाणी पुढे जाई. तरीही थोडा गाळ नळात येणारच, म्हणून माणूस आत उतरून तो काढू शकेल एवढी जागा ठेवलेली होती. हे काम करणाऱ्यांची नावे कोणत्याही शिलालेखात नाहीत. पण ते थांबले असते तर तलाव काठोकाठ भरलेला आणि हौद कोरडा, अशी अवस्था झाली असती.

३/
हीच अवस्था मोटारीच्या इंजिनातही येते. काडीवर तेल खुणेपर्यंत दिसते, तेल नुकतेच बदललेले असते, आणि तरी इंजिन कोरडे पडून जाम होते. कारण असते तळाशी बसवलेली तळहाताएवढी तारेची जाळी, म्हणजे ऑइल स्ट्रेनर. या धाग्यात तिचा इतिहास, तिचे पुण्याशी असलेले नाते आणि ती शोधून स्वच्छ करण्याची रीत.

४/
प्रथम रचना. इंजिनाच्या खाली बोल्टांनी आवळलेले पत्र्याचे किंवा ॲल्युमिनियमचे एक तसराळे असते. पुस्तकात त्याला सम्प म्हणतात, पुण्यातल्या गॅरेजमध्ये चेंबर. छोट्या मोटारीत त्यात साधारण अडीच ते साडेचार लिटर तेल मावते. ऑइल पंपाची नळी या चेंबरच्या तळाजवळ उतरते आणि तिच्या तोंडावर जाळी बसवलेली असते. पंप जे काही ओढतो ते या जाळीतूनच.

५/
पंपातून निघालेले तेल फिल्टरमधून जाते, मग क्रँकशाफ्टच्या बेअरिंगांत, तेथून वर कॅमशाफ्ट आणि व्हॉल्व्हपर्यंत, आणि ओघळून पुन्हा चेंबरमध्ये. बेअरिंग आणि शाफ्ट यांच्यामधली फट मिलिमीटरच्या काही शतांशांएवढी असते. त्या फटीत तेलाचा पातळ थर सतत दाबाने भरलेला राहतो आणि त्यामुळे धातू धातूला घासत नाही. हा थर तुटला की काही मिनिटांत बेअरिंग खराब होते.

६/
येथे एक प्रश्न पडतो. पुढे बारीक फिल्टर असताना आधी जाडी जाळी कशाला? उत्तर पंपाच्या स्वभावात आहे. पंप तेल पुढे जोराने ढकलू शकतो, पण मागून ओढण्याची त्याची ताकद मर्यादित असते. ओढण्याच्या बाजूला बारीक गाळणी लावली तर थंडीतल्या सकाळी घट्ट झालेले तेल तिच्यातून येणारच नाही. म्हणून ओढण्याच्या तोंडाशी जाडी जाळी आणि ढकलण्याच्या बाजूला बारीक कागदी फिल्टर, अशी विभागणी झाली.

७/
दोघांच्या दोषांत मोठा फरक आहे. फिल्टर चोंदला तर त्याच्या शेजारची बायपास झडप उघडते आणि तेल न गाळता पुढे जाते. इंजिन घाणेरडे तेल पिते, पण पिते. जाळीला बहुतेक इंजिनांत अशी पळवाट नसते. ती चोंदली की पुढे काहीच जात नाही. फिल्टर दर सर्व्हिसिंगला बदलला जातो, जाळी मात्र वर्षानुवर्षे कोणी पाहत नाही.

८/
आता थोडा इतिहास. बैलगाडीच्या आसाला एरंडेलाचे वंगण घालत, ते वाहून गेले की पुन्हा घालत. आरंभीच्या अनेक इंजिनांची रीत फारशी वेगळी नव्हती. १९०८ पासून निघालेल्या फोर्डच्या ‘मॉडेल टी’मध्ये तेलाचा पंपच नव्हता. फिरते चाक तेल उडवी, ते एका नसराळ्यात पडे आणि नळीने पुढच्या भागाकडे जाई.

९/
दाबाने तेल फिरवण्याची पद्धत रुळली तेव्हा पंपाच्या तोंडाशी जाळी आली. बारीक फिल्टर त्यानंतरचा. १९२३ च्या सुमारास अमेरिकेत अर्नेस्ट स्वीटलँड याने तेल गाळण्याचे उपकरण पुढे आणले आणि त्याला ‘प्युरोलेटर’ हे नाव मिळाले. १९२४ च्या क्रायस्लर मोटारीत असा फिल्टर कारखान्यातूनच बसवून येऊ लागला. त्याआधी इंजिनाचे रक्षण करणारी मुख्य वस्तू ही जाळीच होती.

१०/
केवळ जाळीवर आयुष्य काढणारी सर्वांत प्रसिद्ध छोटी मोटार म्हणजे फोक्सवॅगनची ‘बीटल’. तिच्या हवेने थंड होणाऱ्या इंजिनात दीर्घकाळ कागदी फिल्टर नव्हताच. तळाशी सहा नटांची एक गोल थाळी, ती काढली की जाळी हातात. तेल बदलताना जाळी धुणे हा त्या कामाचाच भाग होता. अशा दोन कोटींहून अधिक मोटारी जगात निघाल्या, त्यातील शेवटची २००३ मध्ये मेक्सिकोत.

११/
भारतात वालचंद हिराचंद यांच्या पुढाकाराने १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना झाली. सोलापुरात जन्मलेल्या या उद्योजकाच्या कंपनीने मुंबईतल्या कुर्ल्याच्या कारखान्यात फियाटच्या मोटारी बांधल्या. त्यांचीच पुढची पिढी म्हणजे १,०८९ घनसेंटिमीटर इंजिनाची ‘पद्मिनी’. परवान्यांच्या त्या काळात नोंदणी करून वर्षानुवर्षे थांबावे लागे. एवढ्या प्रतीक्षेनंतर दारात आलेली मोटार दोन-दोन पिढ्या चालवली जाई.

१२/
म्हणून त्या काळच्या मेस्त्रीला चेंबर उतरवण्याचे भय नव्हते. इंजिन उघडणे, बोअर करणे, बेअरिंग बदलणे ही नेहमीची कामे होती आणि प्रत्येक वेळी जाळी रॉकेलमध्ये बुडायची. तिच्याकडे लक्ष देण्यासाठी वेगळा नियम लागत नव्हता. इंजिन वारंवार उघडावे लागणे ही त्या यंत्रांची उणीव होती, पण त्या उणिवेमुळेच जाळी कुणाच्या तरी नजरेखालून जात असे.

१३/
पुण्याची गोष्ट थोडी निराळी. हे शहर स्कूटरचे. आकुर्डीच्या बजाजची १९७२ पासूनची ‘चेतक’ दोन-स्ट्रोक होती. तिच्यात तेल पेट्रोलमध्ये मिसळून जळून जाई, गिअरचे तेल वेगळे. इंजिनाखाली तेलाचा चेंबर नाही, पंप नाही, म्हणून जाळीही नाही. पुण्यातल्या कितीतरी कुटुंबांची वाहनाशी पहिली ओळख अशा इंजिनावर झाली ज्यात तेल साठत नव्हते. जाळीचे अस्तित्व ठाऊक नसणे त्यांच्या बाबतीत स्वाभाविकच होते.

१४/
१९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली आणि छोटी मोटार मध्यमवर्गाच्या टप्प्यात आली. १९९८ च्या अखेरीस पुण्याने स्वतःची छोटी मोटार दिली : टाटांची ‘इंडिका’. पुण्यातल्या अभियंत्यांनी घडवलेली, पिंपरीत बांधलेली. तिचे १,४०५ घनसेंटिमीटरचे डिझेल इंजिन पुढे पर्यटक टॅक्सीवाल्यांच्या उपजीविकेचे साधन बनले. विमानतळ, शिर्डी, महाबळेश्वर, मुंबई अशा फेऱ्यांत या मोटारी लाखो किलोमीटर चालल्या.

१५/
डिझेल जळताना काजळी होते. ती थोडी थोडी तेलात उतरते आणि ताजे तेलही लवकर काळे दिसू लागते. चांगल्या तेलातील रसायने ही काजळी तरंगत ठेवतात, म्हणजे तेलाबरोबर ती बाहेर काढता येते. तेल वेळेवर बदलले नाही तर ही ताकद संपते. मग काजळी, जळलेले तेल आणि पाण्याचा अंश मिळून लोण्यासारखा काळा थर तयार होतो. तो चेंबरच्या तळाशी आणि जाळीवर बसतो.

१६/
पेट्रोल इंजिनही यातून सुटत नाही. सदाशिव पेठेतून मंडई, मंडईतून घर, अशा दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्यांत इंजिन पुरते तापत नाही. आत जमलेली वाफ आणि न जळलेले पेट्रोल उडून जात नाही, तेलातच राहते. जी मोटार सर्वांत कमी चालली तिचेच तेल कधीकधी सर्वांत खराब निघते. वर्षभरात तीन हजार किलोमीटरसुद्धा न झालेल्या मोटारीचेही तेल बदलण्याचा आग्रह यासाठीच.

१७/
पुण्यातल्या स्पीडब्रेकरांचाही यात वाटा आहे. चेंबर खालून आपटला आणि फुटला नाही, तर मालक सुटकेचा श्वास टाकतो. पण पोचा आत गेला की चेंबरचा तळ वर उचलला जातो आणि जाळीच्या तोंडापाशी येतो. जाळी स्वच्छ असूनही तेल ओढायला जागा उरत नाही. म्हणून पोचा पडलेला चेंबर ‘गळत नाही ना’ एवढ्यावर सोडून देऊ नये.

१८/
अशी मोटार शहरात महिनोन् महिने निमूट चालते. संथ वेगात तेलाची गरज कमी, अर्धी बंद जाळीही पुरते. मग एके दिवशी ती २००२ मध्ये पूर्ण झालेल्या द्रुतगती मार्गावर येते किंवा भर दुपारी घाट चढू लागते. इंजिनाचे फेरे वाढतात, पंप जास्त तेल मागतो, जाळी तेवढे देऊ शकत नाही. जो दोष शहरात दबून होता तो येथे उघडा पडतो.

१९/
लक्षणे अशी : वेग वाढवला की तेलाच्या दाबाचा लाल दिवा लुकलुकतो. वरून टॅपेटचा टकटक आवाज येतो. चालक थांबतो, काडी पाहतो, तेल पूर्ण असते. दहा मिनिटांनी इंजिन सुरू केले तर सारे ठीक! कारण ओढ थांबल्यावर जाळीला चिकटलेला गाळ सुटून खाली पडलेला असतो. थोडे अंतर गेल्यावर तो पुन्हा जाळीवर येतो. या फसव्या विश्रांतीनेच अनेक इंजिने संपवली आहेत.

२०/
दिवा लागतो तेव्हा दाब जवळपास संपलेला असतो. तो सूचना म्हणून नाही, शेवटची हाक म्हणून लागतो. तेथेच इंजिन बंद करून मोटार ओढून नेली तर खर्च जाळी धुण्याचा आणि पॅकिंगचा. ‘पुढच्या गावापर्यंत जाऊ’ म्हटले तर क्रँकशाफ्ट, बेअरिंग, कदाचित पूर्ण इंजिन. ज्याचा हप्ता त्याच मोटारीच्या कमाईतून जातो त्याच्यासाठी हा फरक काही महिन्यांच्या घरखर्चाएवढा असतो.

२१/
आता प्रत्यक्ष काम. इंजिन कोमट असताना तेल काढावे, म्हणजे गाळही वाहून येतो. मोटार खड्ड्यावर घ्यावी किंवा भक्कम घोड्यांवर ठेवावी. केवळ जॅकवर उचललेल्या मोटारीखाली कोणीही जाऊ नये. काही मोटारींत चेंबरच्या आड सायलेन्सरची नळी किंवा क्लचखालचा पत्रा येतो, तो आधी सोडवावा लागतो. मग चेंबरचे सर्व बोल्ट थोडे थोडे सैल करत काढावेत.

२२/
बोल्ट निघाले तरी चेंबर जुन्या पॅकिंगला चिकटून राहतो. येथे अधीर हात स्क्रूड्रायव्हर खुपसतो आणि सपाट कडेवर कायमचा ओरखडा पडतो, पुढे तेथूनच तेल गळते. रबरी हातोडीचे हलके ठोके चारी बाजूंनी द्यावेत. चेंबर उतरला की वर जाळी दिसते : कुठे थेट पंपाला जोडलेली, कुठे वाकड्या नळीच्या टोकाला. एक-दोन बोल्ट काढले की ती हातात येते.

२३/
आणि येथे इतिहासाच्या वाचकाने थांबावे. जाळी लगेच धुऊ नये. दप्तरखान्यातला रुमाल सोडताना कागदांचा क्रम आधी पाहतात, तसे आधी पाहावे. चेंबरमधला गाळ आणि जाळीवरचा कचरा पांढऱ्या कापडावर पसरावा. इंजिनाच्या इतर भागांतून पुरावा वाहून जातो. जाळीत तो साठतो. या इंजिनाशी मालक कसा वागला याची सर्वांत प्रामाणिक नोंद तेथे असते.

२४/
नोंद अशी वाचतात. काळा, गुळगुळीत थर : तेल उशिरा बदलले. रबरासारखे, शेवयांसारखे तुकडे : आधीच्या मेस्त्रीने सीलंट भरमसाट लावले, दाबून आत आलेले तुटून पडले. लोहचुंबकाला चिकटणारा चुरा : लोखंडी भागांची झीज. चंदेरी, चुंबकाला न चिकटणाऱ्या कपच्या : बेअरिंगचा वरचा थर. तांबूस चमक : तो थर संपून खालचा उघडा पडला. तांबूस दिसले तर जाळी धुऊन भागणार नाही, बेअरिंग पाहावेच लागेल.

२५/
मग धुलाई. जाळी रॉकेलमध्ये किंवा डिझेलमध्ये भिजत ठेवावी आणि मऊ ब्रशाने स्वच्छ करावी. तारेचा ब्रश नको, जाळीची वीण उसवते. हवा मारायची तर उलट दिशेने, आतून बाहेर, डोळ्यांना चष्मा लावून. चिंधीने पुसू नये, सुटलेला धागा पुन्हा जाळीतच जातो. शेवटी जाळी उजेडाकडे धरावी. प्रत्येक घरातून प्रकाश दिसला तर ती स्वच्छ. वीण फाटलेली असेल तर नवी घ्यावी.

२६/
नळीच्या सांध्यातील रबरी रिंग नवीनच घालावी. जुनी कडक झाली असेल तर पंप तेथून हवा ओढतो आणि स्वच्छ जाळीसुद्धा व्यर्थ ठरते. पॅकिंग नवे, सीलंट बेताने. चेंबरचे बोल्ट एका बाजूने आवळत न जाता समोरासमोर, टप्प्याटप्प्याने आवळावेत. नवा फिल्टर, नवे तेल. सुरुवातीला इंधन बंद ठेवून लाल दिवा विझेपर्यंत स्टार्टर थोडा थोडा फिरवावा. तेल बेअरिंगांत पोचल्यावरच इंजिन सुरू करावे.

२७/
एक इशारा. वर्षानुवर्षे साचलेला गाळ ‘फ्लश’ नावाच्या पातळ द्रावणाने एका दिवसात सोडवण्याचा मोह होतो. सुटलेला गाळ जातो कोठे? थेट जाळीवर. कालपर्यंत चाललेले इंजिन अशा स्वच्छतेनंतर जाम झाल्याचे अनुभव मेस्त्री सांगतात. जुन्या, गाळ भरलेल्या इंजिनाला आधी चेंबर उतरवून हाताने साफ करणे हाच सुरक्षित मार्ग.

२८/
काढलेले काळे तेल गटारात ओतू नये. कायद्याने ते घातक कचऱ्यात मोडते आणि अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांकडेच जायला हवे. पुण्यातल्या गटारातून ते मुठेत उतरते. ज्या शहराने गाळ अडवून, निवळलेले पाणी हौदांत पोचवले त्याच शहराच्या नदीत चेंबरचा गाळ सोडणे, हा इतिहासाचा विसरच म्हणावा लागेल.

२९/
या जाळीचा काळही आता मावळतो आहे. जानेवारी २०२० मध्ये ‘चेतक’ विजेवर चालणारी होऊन पुण्याच्या रस्त्यांवर परतली. दोन-स्ट्रोक ‘चेतक’मध्ये इंजिनाखाली तेल साठत नव्हते, नव्या ‘चेतक’मध्ये तर इंजिनच नाही. या दोन टोकांच्या मधल्या काळात लाखो कुटुंबांनी जाळीच्या भरवशावर प्रवास केला आणि बहुतेकांना तिचे नावही माहीत नव्हते.

३०/
तरी पुण्यात अजून कितीतरी जुन्या छोट्या मोटारी रोज कामाला निघतात. त्यांच्या मालकांनी पुढच्या सर्व्हिसिंगला मेस्त्रीला एवढेच विचारावे : “चेंबर शेवटचा कधी उतरवला होता?” उत्तर आठवत नसेल तर तेल बदलण्याच्या दिवशीच ते काम करून घ्यावे, आणि जाळी धुण्याआधी पांढऱ्या कापडावर काय पडते ते स्वतः उभे राहून पाहावे.